विश्लेषण : अब्राहामचा थोरला मुलगा इश्माएल... ज्यू ग्रंथांत त्याचे चित्र कसे बदलत गेले?

बकरी ईद जवळ आली की इब्राहिम आणि त्यांचा मुलगा इस्माईल यांची गोष्ट आपल्याकडे दरवर्षी सांगितली जाते. मुस्लिमांसाठी इस्माईल हे पैगंबर. मक्केतील काबा त्यांनी वडिलांसोबत उभारला, झमझमचे पाणी त्यांच्यासाठी उसळले, अशी श्रद्धा आहे. हाच मुलगा ज्यूंच्या ग्रंथांत इश्माएल या नावाने येतो. वडील तेच, अब्राहाम. आईही तीच, हागार, म्हणजे मुस्लिम परंपरेतील हाजरा. मात्र तिथे तो पैगंबर नाही आणि वारसही नाही.

मग तो कोण? घरातून हाकललेला उपद्रवी मुलगा, पश्चात्ताप करून परतलेला थोरला भाऊ, की पुढे ज्यूंवर राज्य करणाऱ्या सत्तेचा मूळपुरुष? ज्यू साहित्यात ही तिन्ही उत्तरे आहेत, आणि कधी कधी एकाच ग्रंथात आहेत. पश्चिम आशियात तणाव वाढला की त्यातले एखादेच उत्तर उचलून समाजमाध्यमांवर फिरवले जाते. म्हणून ही जीवनकथा पहिल्यापासून पाहायला हवी.

नववर्षाच्या दिवशी कोणाची गोष्ट वाचतात?

ज्यू नववर्षाला ‘रोश हशाना’ म्हणतात. कोकणातले बेने इस्रायली त्याला पूर्वापार नव्याचा सण म्हणत आले आहेत. या दिवशी सिनेगॉगमध्ये जगाच्या निर्मितीची कथा वाचली जात असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात परंपरेनुसार पहिल्या दिवशीच्या वाचनात इसहाकच्या जन्मापाठोपाठ येतो तो एका दासीला आणि तिच्या मुलाला घराबाहेर काढल्याचा, वाळवंटात पाणी संपल्याचा आणि देवाने त्या मुलाचा आवाज ऐकल्याचा प्रसंग. इसहाकच्या बलिदानाची प्रसिद्ध कथा दुसऱ्या दिवशी येते.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या मुलाला वारसा मिळाला नाही, त्याची तहान वर्षाच्या पहिल्याच दिवशी वाचली जाते.

जन्माआधीच घर सुटले

मूळ कथा तोराच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीमध्ये आहे. अब्राम (पुढे अब्राहाम) आणि साराय (पुढे सारा) यांना मूल नव्हते. कनान देशात येऊन १० वर्षे झाल्यावर सारायने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. मूल झाले असते तर ते मालकिणीचे मानले गेले असते. हागारला दिवस गेले आणि घरातले वातावरण फिरले. दासी मालकिणीला जुमानेना, मालकीण दासीला छळू लागली. नवऱ्याने अंग काढून घेतले. गरोदर हागार पळून गेली.

वाळवंटातल्या एका झऱ्यापाशी तिला देवदूत भेटला. त्याने तिला परत जायला सांगितले आणि मुलाचे नाव इश्माएल ठेवायला सांगितले. हिब्रूत या नावाचा अर्थ देव ऐकतो, असा. याच ठिकाणी हागारने देवाला स्वतः एक नाव दिले, आपल्याला पाहणारा देव अशा अर्थाचे. तिथल्या विहिरीला बएर लहाय रोई हे नाव पडले. ही विहीर पुढे पुन्हा येणार आहे.

देवदूताने मुलाचे भविष्यही सांगितले. तो रानगाढवासारखा माणूस होईल, त्याचा हात सगळ्यांविरुद्ध आणि सगळ्यांचा हात त्याच्याविरुद्ध असेल. मराठीत गाढव म्हटले की शिवी आठवते. येथे अभिप्रेत प्राणी वेगळा आहे. कच्छच्या छोट्या रणात दिसणारा घुडखर त्याच जातीचा. वेगवान, माणसाळवता न येणारा, कुणाचे ओझे न वाहणारा. दासीच्या पोटी जन्मणाऱ्या मुलासाठी हे भविष्य शाप होते की दिलासा, हे वाचणाऱ्यावर अवलंबून राहिले. पुढच्या बहुतेक भाष्यकारांनी त्यात लुटारू पाहिला.

याला एक ठळक अपवाद आहे. तेराव्या शतकातले स्पेनमधील भाष्यकार नहमानिदेस, म्हणजेच रामबान, यांनी हागारला छळण्यात साराचा दोष होता आणि तो छळ होऊ देण्यात अब्राहामचाही दोष होता, असे स्पष्ट लिहिले. त्यांच्या मते इश्माएलच्या वंशजांकडून ज्यूंना जे सोसावे लागते, त्याचे मूळ या अन्यायात आहे. आपल्याच आद्य मातापित्यांना असे जबाबदार धरणे हे मध्ययुगीन धर्मग्रंथात सहजासहजी सापडत नाही.

१३ व्या वर्षी सुंता, १४ व्या वर्षी धाकटा भाऊ

इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता. तो ९९ वर्षांचा असताना देवाने त्याच्याशी करार केला आणि सुंता ही त्याची खूण ठरवली. इश्माएल तेव्हा १३ वर्षांचा होता. त्याची आणि बापाची सुंता एकाच दिवशी झाली. त्याच वेळी साराला मुलगा होणार असल्याचे देवाने सांगितले, तेव्हा अब्राहामने इश्माएलचेच भले मागितले. उत्तर दुहेरी मिळाले. इश्माएलला आशीर्वाद मिळेल, त्याच्यापासून १२ सरदार आणि मोठे राष्ट्र होईल. करार मात्र इसहाकशी होईल.

पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याने अरबांमध्ये १३ व्या वर्षी सुंता करण्याची प्रथा याच घटनेशी जोडली आणि इश्माएलला त्या लोकांचा मूळपुरुष म्हटले. म्हणजे अरब आणि इश्माएल हे नाते इस्लामच्या कित्येक शतके आधीपासून ज्यू लेखनात होते.

पुढच्या काळात रब्बींनी या वयाच्या फरकावर एक भावाभावांचा वादही रचला. आपण जाणत्या वयात सुंता करून घेतली आणि विरोध केला नाही, तुझी आठव्या दिवशी झाली, असे इश्माएल इसहाकला ऐकवतो. इसहाक उत्तर देतो की देवाने मागितला तर आपण पूर्ण देहही देऊ. इसहाकच्या बलिदानाची परीक्षा त्यानंतर येते.

एका शब्दावरून हद्दपारी

इसहाकचे दूध सुटले तेव्हा अब्राहामने मेजवानी दिली. त्या सुमारास साराने हागारच्या मुलाला काहीतरी करताना पाहिले. काय, ते सांगणारा हिब्रू शब्द ‘मेत्सहेक’. हसणे, खेळणे, चेष्टा करणे असे त्याचे अर्थ होतात. इसहाक हे नावही याच धातूपासून आलेले. एवढ्यावरून साराने दोघांना हाकलून देण्याची मागणी केली. दासीचा मुलगा आपल्या मुलाबरोबर वारस होणार नाही, हे तिचे म्हणणे.

नुसत्या हसण्यासाठी एवढी शिक्षा? हा प्रश्न जुन्या रब्बींनाही पडला. तिसऱ्या शतकातल्या ‘तोसेफ्ता’मध्ये आणि नंतरच्या ‘बरेशित रब्बा’ या संग्रहात त्यावर चर्चा आहे. एका रब्बीच्या मते त्या शब्दामागे मूर्तिपूजा आहे. दुसऱ्याच्या मते व्यभिचार. तिसऱ्याच्या मते रक्तपात. खेळाच्या बहाण्याने तो धाकट्या भावावर बाण सोडत होता. तीन गंभीर पापे एका क्रियापदात बसवली गेली. साराचा निर्णय योग्य ठरायचा तर मुलगा वाईट ठरणे भाग होते.

याच चर्चेत रब्बी शिमोन बार योहाय यांनी उलटा मुद्दा मांडला. अब्राहामसारख्या सज्जनाच्या घरात असले प्रकार चालत होते, असे म्हणणेच त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते वाद साधा वारशाचा होता. थोरला म्हणून दुप्पट वाटा आपला, असे इश्माएल म्हणत होता. संपादकांनी ही चारही मते एकाखाली एक ठेवली. वाटणीचे भांडण पाहिलेल्या कुणालाही चौथे मत पटायला वेळ लागणार नाही.

त्याहूनही जुना एक ग्रंथ आहे, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ‘जुबिलीज’. तो ज्यू बायबलमध्ये नाही, पण मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांत त्याची हस्तलिखिते सापडली. त्यात इश्माएल खेळतो आहे, नाचतो आहे आणि बाप त्याच्याकडे पाहून आनंदात आहे. साराला तेच सहन झाले नाही. पापाचा उल्लेखही नाही.

खांद्यावर १६ वर्षांचा मुलगा?

अब्राहामला हे जड गेले. देवाने साराचे ऐकायला सांगितल्यावर त्याने पहाटे उठून भाकरी आणि पाण्याची पखाल हागारच्या खांद्यावर दिली. येथे हिशेब अडतो. इसहाकच्या जन्माच्या वेळी इश्माएल १४ वर्षांचा. दूध सुटायला दोन वर्षे धरली तर तो १६ चा झाला. कथेत मात्र तो खांद्यावर दिल्यासारखा, झुडपाखाली टाकून देण्याइतका लहान वाटतो. आजचे अनेक अभ्यासक येथे वेगवेगळ्या परंपरा एकत्र जोडल्या गेल्याचे मानतात.

रब्बींनी दुसरा मार्ग काढला. साराची दृष्ट लागली, मुलाला ताप चढला, त्याला चालवेना आणि आजारी माणूस पाणी जास्त पितो म्हणून पखाल लवकर संपली. फ्रान्समधले ११ व्या शतकातले भाष्यकार राशी यांनी हे स्पष्टीकरण आपल्या भाष्यात घेतले आणि ते घरोघरी पोहोचले. वयाचा घोळ सुटला. पण तापाने फणफणलेल्या मुलाला वाळवंटात पाठवले, हे त्यातून आणखीच उघडे पडले.

पाणी संपल्यावर हागारने मुलाला झुडपाखाली ठेवले आणि त्याचे मरण दिसू नये म्हणून बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर जाऊन बसली. ती रडली. कथेनुसार देवाने मात्र मुलाचा आवाज ऐकला. हद्दपारीच्या या संपूर्ण प्रसंगात इश्माएल हे नाव एकदाही येत नाही. तो फक्त दासीचा मुलगा, पोर, मुलगा. देवाने ऐकले हे वाक्य येते तेव्हा त्यातच त्याचे नाव ऐकू येते. मग विहीर दिसते, मुलगा वाचतो, पारानच्या रानात वाढतो, तिरंदाज होतो. आई त्याच्यासाठी मिसरची बायको आणते.

याच क्षणाभोवती ‘बरेशित रब्बा’ने देवदूतांची तक्रार रचली. याचे वंशज पुढे तुझ्या लोकांना तहानेने मारणार आहेत, त्याला पाणी का देतोस, असे ते विचारतात. देव त्यांना विचारतो, की या घडीला हा मुलगा कसा आहे. निर्दोष, असे उत्तर त्यांना द्यावे लागते. तर मग न्याय या घडीचाच होईल, असा निकाल लागतो. तालमूदमध्ये यावरून नियम निघाला. माणसाचा निवाडा त्या क्षणीच्या त्याच्या स्थितीवरून होतो, पुढे तो किंवा त्याची मुले काय करतील त्यावरून नाही. नववर्ष हा ज्यू परंपरेत निवाड्याचा दिवस. त्या दिवसाचा एक महत्त्वाचा नियम इश्माएलच्या तहानेवर उभा आहे.

उंटावरून न उतरलेला बाप

तोरामध्ये हद्दपारीनंतर बापलेकांची भेट नाही. ही पोकळी आठव्या शतकाच्या सुमारास ‘पिर्के दे रब्बी एलिएझर’ या ग्रंथाने भरून काढली. तीन वर्षांनी अब्राहाम उंटावर बसून मुलाला भेटायला निघतो. तिथे उंटावरून उतरणार नाही, अशी शपथ साराने त्याच्याकडून घेतलेली असते. इश्माएल घरी नसतो. त्याची बायको म्हाताऱ्याला भाकर-पाणी देत नाही. घराचा उंबरठा चांगला नाही, बदलून टाक, असा निरोप ठेवून अब्राहाम परततो. इश्माएलला अर्थ कळतो आणि तो बायकोला सोडतो. आणखी तीन वर्षांनी दुसरी फेरी. दुसरी बायको भाकर-पाणी देते. अब्राहाम प्रार्थना करतो आणि मुलाचे घर भरून जाते. बापाची माया अजून आहे, हे इश्माएलला तेव्हा समजते.

या दोन बायकांची नावे काही पाठांत आयेशा आणि फातिमा अशी येतात. प्रेषित मोहम्मद यांच्या पत्नीचे आणि मुलीचे नाव. हा ग्रंथ इस्लामी राजवटीत लिहिला गेला, याची ही उघड खूण. उंबरठ्याची हीच कथा मुस्लिम हदीस संग्रहांतही आहे. ती कुणाकडून कुणाकडे गेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन समाज एकमेकांच्या गोष्टी ऐकत होते, एवढे नक्की. याच ग्रंथात इश्माएल या नावाचा आणखी एक अर्थ लावला आहे. इश्माएलचे वंशज पुढे जो त्रास देतील, त्यात लोकांचा आक्रोश देव ऐकेल. एकाच पुस्तकात मुलासाठी तळमळणारा बाप आणि त्याच मुलाच्या वंशाची भीती, दोन्ही.

चित्र काळे कधी झाले?

इस्लाम आल्यावर ज्यूंनी इश्माएलला खलनायक केले, अशी सोपी मांडणी केली जाते. ती अर्धीच बरोबर आहे. तालमूदमध्ये देवाला ज्या निर्मितींचा पस्तावा होतो, त्यांत इश्माएलच्या वंशजांचा उल्लेख आहे. चोरी करू नये ही आज्ञा ऐकून त्यांनी तोरा नाकारली, अशी कथाही जुनी आहे. ही मते इस्लामपूर्व काळातली.

पण त्याच तालमूदमध्ये इश्माएलने बापाच्या हयातीत पश्चात्ताप केला, असेही आहे. स्वप्नात अब्राहामचा मुलगा इश्माएल दिसला तर प्रार्थना ऐकली जाईल, असेही आहे. शिवाय दुसऱ्या शतकातल्या एका अत्यंत मान्यवर रब्बीचे नावच इश्माएल होते. तोराचा अर्थ लावण्याचे त्यांचे १३ नियम आजही सकाळच्या प्रार्थनेत म्हटले जातात. ज्या नावाचा तिटकारा असतो, ते कुणी मुलाला ठेवत नाही.

बदलले ते प्रमाण. सातव्या शतकानंतर बहुसंख्य ज्यू मुस्लिम राज्यांत राहू लागले. तेव्हापासून हिब्रू लेखनात इश्माएल म्हणजे मुस्लिम सत्ता आणि एदोम, म्हणजे एसावचा वंश, म्हणजे ख्रिस्ती सत्ता अशी सांकेतिक भाषा रूढ झाली. व्यक्ती मागे पडली, राज्यकर्ता पुढे आला. मायमोनिदेस यांनी ११७२ च्या सुमारास येमेनमधील ज्यूंना लिहिलेल्या पत्रात इश्माएलच्या राष्ट्राबद्दल अतिशय कठोर शब्द आहेत. तेव्हा येमेनमध्ये ज्यूंवर सक्तीच्या धर्मांतराची वेळ आली होती आणि मायमोनिदेस यांचे स्वतःचे कुटुंब अशाच छळामुळे कोर्दोबातून बाहेर पडले होते. हे पत्र त्यांनी अरबी भाषेत लिहिले. मुस्लिम हे मूर्तिपूजक नाहीत, असा निर्वाळाही त्यांनीच दिला आणि कैरोत मुस्लिम दरबारात वैद्यकीही केली. आज समाजमाध्यमांवर फिरते ते केवळ त्या पत्रातले वाक्य.

दोन भाऊ, एक कबर

अब्राहाम १७५ व्या वर्षी वारला. हेब्रोनमधील मकपेला गुहेत त्याला इसहाक आणि इश्माएल या दोघांनी पुरले, असे तोरा सांगते. वये मोजली तर इसहाक ७५ वर्षांचा, इश्माएल ८९ वर्षांचा. हाकलून दिलेला मुलगा जवळपास ७० वर्षांनी बापाला माती द्यायला आला. वाक्यात धाकट्याचे नाव आधी आहे. थोरल्याने आपणहून धाकट्याला पुढे केले, हाच पश्चात्तापाचा पुरावा, असे तालमूदमधील रब्बींनी मानले.

त्याआधी म्हाताऱ्या अब्राहामने कटुरा नावाची बायको केल्याचा उल्लेख आहे. अनेक रब्बींच्या मते ती हागारच. इतकेच नव्हे, तर तिला बएर लहाय रोई विहिरीवरून परत आणायला स्वतः इसहाक गेला होता, असे ‘बरेशित रब्बा’ सांगते. सारा तेव्हा हयात नव्हती. तोराच्या मजकुरात एवढे नक्की आहे, की बापाच्या मृत्यूनंतर इसहाक राहिला तो हागारच्या त्याच विहिरीजवळ.

इश्माएल १३७ वर्षे जगला. त्याला १२ मुलगे झाले. त्यांपैकी केदार हे नाव पुढे अश्शूरच्या राजांच्या नोंदींत अरब टोळीचे नाव म्हणून आढळते. वारस नसलेल्या माणसाचे वय तोरा का नोंदवते, असा प्रश्न तालमूदला पडला. उत्तर गणिती आहे. इश्माएल इसहाकपेक्षा १४ वर्षांनी मोठा, इसहाक ६० चा असताना याकोब जन्मला, म्हणजे इश्माएल तेव्हा ७४ चा. एसावने इश्माएलच्या मुलीशी लग्न केले त्या सुमारास इश्माएल वारला, म्हणजे याकोब ६३ वर्षांचा. येथून पुढे मोजत गेले की याकोबच्या आयुष्यातल्या १४ वर्षांचा हिशेब लागत नाही. ती त्याने धर्माभ्यासात घालवली, असे रब्बींनी ठरवले. इस्रायलच्या मूळपुरुषाची कालगणना जुळवायला इश्माएलचे मृत्यूचे वय लागते.

मकपेलाची जागा आजही आहे. ज्यूंसाठी ती पूर्वजांची गुहा, मुस्लिमांसाठी इब्राहिमी मशीद. तेराव्या शतकापासून १९६७ पर्यंत ज्यूंना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपुढे जाऊ दिले जात नव्हते. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानमध्ये, बारूख गोल्डस्टीन या ज्यू हल्लेखोराने तिथे नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून ठार मारले. त्यानंतर इमारतीची विभागणी झाली. एका भागात सिनेगॉग, दुसऱ्या भागात मशीद, प्रवेशद्वारे वेगळी. वर्षातून १० दिवस संपूर्ण इमारत ज्यूंना आणि १० दिवस मुस्लिमांना दिली जाते. त्या दिवसांत दुसऱ्या समाजाला आत जाता येत नाही.